काकांचे शब्द आणि काकूचे बिबडे

मुलांनो, अख्ख्या खानदेशात नुकसानीचं इंग्रजी आमच्या काकांइतकं कोणालाच येत नव्हतं. दुसरं इंग्रजी त्यांना फारसं येतही नव्हतं. ते माझ्या वडिलांचे मावसभाऊ. नंदुरबारच्या कचेरीबाहेर निंबाखाली बसून ते लोकांचे इंग्रजी अर्ज लिहीत. डॅमेज, स्पॉइल, रुइन, डिस्ट्रॉय असे त्यांचे शब्द ठरलेले होते, आणि मोठा शब्द हाताशी असताना लहान वापरणं म्हणजे त्यांना अशिलाशी बेइमानी वाटे. एकदा कोणाच्या वासराने शेजाऱ्याची मिरचीची चार रोपं खाल्ली, तर काकांच्या अर्जाने दोन शिपाई काठ्या घेऊन वासराला धरायला आले. घरीही तेच. चहा निवला की स्पॉइल, धोतराला डाग पडला की रुइन.

शब्द निवडण्याची त्यांची रीत मात्र काकूच्या जिवावर उठलेली होती. काकू उन्हाळ्यात ज्वारीचे बिबडे घाले. बिबडे म्हणजे आमच्याकडचे ताटाएवढे पापड. अवघड अर्ज आला की काका तो घरी आणत आणि डबा उघडून एक बिबडं काढत. कोपरा मोडला की डॅमेज, पाण्यात बुडवलं की स्पॉइल, मधोमध मोडलं की रुइन, आणि तळहातांत चुरा केला की डिस्ट्रॉय. मग डोळे मिटून म्हणत, "हाऊच," म्हणजे हाच शब्द. काकू स्वयंपाकघरातून ओरडे, "मन्हा बिबडा सरी ग्यात, तुमनं इंग्रजी काय सरस नही!" म्हणजे बिबडे संपले, तरी इंग्रजी काही संपत नाही.

मी अकरा वर्षांची असताना वानरांनी आमच्या मुलींच्या शाळेची कोपऱ्यातली थोडी कौलं फोडली. नवी कौलं मिळावीत म्हणून बाईंनी काकांना अर्ज लिहायला सांगितला. काकांनी बिबड्याचा कोपरा मोडला, त्याच्याकडे तुच्छतेने पाहिलं आणि मला म्हणाले, "पोरी, एवढाशाकन साहेबनी खुर्ची हालस का?" मग त्यांनी अख्ख्या बिबड्याचा चुरा केला.

खुर्ची हलली. महिन्याभरात उत्तर आलं: शाळाच उरलेली नसल्यामुळे ती बंद समजावी आणि बाईंनी धुळ्याला रुजू व्हावं. ज्या छपराखाली बसून आम्ही हे ऐकलं, ते नव्हतंच म्हणे! बाईंचे डोळे भरून आले. माझ्या आजीला मात्र हे सोयीचंच झालं. तिने त्याच संध्याकाळी माझी पत्रिका शोधायला घेतली. मी रडत काकांकडे धावले.

काका डबा मांडीवर घेऊन बसले होते. आपला शब्द मागे घ्यायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. काकू समोर येऊन उभी राहिली. "कोपराच मोडा. चुरा करशात ते पोरी घर बठतीन." काकांनी चिमटीएवढा कोपरा मोडला. त्यांनी लिहिलं: थोडंसं डॅमेज, बाकी शाळा ठीक. "काय जीव शे या शब्दमा?" ते पुटपुटले. पण जीव होता. बाई राहिल्या, पत्रिका पेटीत गेली, आणि कौलं यायची तेव्हा सावकाश आली. उरलेल्या बिबड्याचे काकूने मला आणि काकांना दोन तुकडे दिले.

पुढे मी कॉलेजात असताना काकू गेली. सुट्टीत आले तेव्हा काका ओट्यावर एकटेच होते, शेजारी तोच डबा. त्यात तिच्या हातचे शेवटचे काही बिबडे होते. "कसे आहात, काका?" मी विचारलं. त्यांनी एक बिबडं काढून बराच वेळ दोन्ही तळहातांत धरलं. आता चुरा होणार, म्हणून मी नजर वळवली. बारीकसा आवाज आला. त्यांनी कोपरा तेवढा मोडला होता.

"डॅमेज," ते म्हणाले. "थोडंसं."

मग तो कोपरा माझ्या हातावर ठेवून त्यांनी बाकीचं बिबडं जपून डब्यात ठेवलं आणि झाकण लावलं.