हळदीकुंकवाला लागलेला पिक्चर

टीव्हीवरच्या पोराने पोरीच्या गालाला हात लावला आणि तोंड जवळ नेलं. ती म्हणाली, "थांब. मला नको." समोर माझ्या सुनेच्या हळदीकुंकवाला आलेल्या सोसायटीतल्या बायका बसलेल्या. कुणाच्या हातात पन्ह्याचा ग्लास, कुणाच्या तोंडात आंब्याची डाळ. घास कुणी गिळेना. पिक्चर मराठी होता, त्यामुळे कुणाला कळलं नाही असं म्हणायचीही सोय नव्हती.

सुनेने रिमोटने आवाज कमी केला. तो आपोआप वाढला. तिने परत कमी केला, परत वाढला. वरच्या मजल्यावरच्या बाईने डोळ्यांवर पदर घेतला, पण पदर चांगलाच पातळ होता.

मी विचारलं, "थांबला का गं तो?"

मला खरंच जाणून घ्यायचं होतं. माझी खुर्ची कडेला होती आणि चष्मा देवघरात राहिला होता. सुनेने माझ्याकडे असं बघितलं, जसा काही तो पिक्चर मीच काढलाय. मग तिने भिंतीतली पिनच उपटली. टीव्ही काळा झाला आणि आतल्या खोलीतून माझी नात ओरडली, "मम्मी, माझ्या मोबाइलला काय झालं?"

झालं. पिक्चर कुणाचा ते सगळ्या बिल्डिंगला कळलं.

ते असं झालं होतं. हळदीकुंकवाला देवीची गाणी हवीत म्हणून सुनेने नातीचा मोबाइल टीव्हीला जोडून घेतला होता. वायर नाही, काही नाही, मोबाइलवर जे लावाल ते टीव्हीवर दिसतं. गाणी संपली तशी नात मोबाइल घेऊन आत गेली आणि अर्धा राहिलेला पिक्चर लावून बसली. जोडलेलं काढायचं विसरली. कानात आवाज येईना म्हणून ती वाढवत होती. बाहेर सून कमी करत होती, आत ती वाढवत होती.

आम्ही लातूरकडचे. गावाकडे आमच्यात हे चैत्राचं हळदीकुंकू नव्हतं. पुण्याजवळ चिखलीत फ्लॅट घेतल्यावर सून ते इथल्या बायकांकडून शिकली आणि हौसेने करू लागली. खरं तर शुक्रवारी करतात म्हणे, पण इथल्या कंपन्यांना सुट्टी गुरुवारी, म्हणून आमच्या घरी देवीनेही गुरुवार चालवून घेतला. सून चाकणला वायरिंगच्या कंपनीत जाते. आठवडाभर उभ्याने काम करून आलेल्या सुट्टीत तिने कैऱ्या किसल्या, डाळ वाटली, गौरीपुढे आरास केली. या सोसायटीत आपल्याला मान मिळावा एवढंच तिला हवं होतं. तो मिळत आला होता आणि मधेच तो पोरगा तोंड पुढे करून आला.

बायकांनी भराभर ओट्या घेतल्या. वरच्या मजल्यावरची निघताना म्हणाली, "डाळ फार छान झाली होती हं ताई. गौर पण छान. बाकीचा कार्यक्रम तेवढा पोरींना दाखवण्यासारखा नव्हता."

दार लागलं आणि सुनेने नातीचा मोबाइल हिसकून घेतला.

"हे बघतेस तू? अभ्यास म्हणून खोलीत बसून हे?"

"बारावी संपली मम्मी. आणि तो घाण पिक्चर नाहीये."

"घाण नाही? सगळ्या बायकांसमोर माझं तोंड काळं केलंस, वर घाण नाही म्हणतेस?"

"तू अर्धं मिनिट बघितलंस. त्यावरून काय कळणार?"

नात नुकतीच अठरा वर्षांची झाली होती. निकाल लागला की पुण्याच्या कॉलेजात जायचं तिने ठरवलं होतं, घरात सगळ्यांनी हो पण म्हटलं होतं. आता सुनेने तिथल्या तिथे लातूरला भावाला फोन लावला. भावाने महिन्यापूर्वी एक स्थळ सुचवलं होतं, मुलगा बँकेत. तेव्हा सूनच म्हणाली होती की एवढ्यात नाही. आता म्हणाली, "दादा, त्या लोकांना येऊ दे. कॉलेज-बिलेज राहू दे आता."

माझा मुलगा सुट्टीचा ओव्हरटाइम संपवून आला. त्याला दोघींनी आपापली बाजू सांगितली. तो पत्रे ठोकणाऱ्या मशिनींच्या प्रेसशॉपमध्ये आयुष्य काढलेला माणूस, तिथल्या आवाजाने एका कानाने कमी ऐकतो. दोघींकडे तोच कान केला आणि म्हणाला, "बायकांचं बायकांनी बघा." जेवला आणि झोपला.

दुसऱ्या दिवशी सून कंपनीत गेली नाही. डोकं दुखतंय म्हणाली. डोकं कसलं दुखतंय, लिफ्टमध्ये कुणी भेटेल याची धास्ती. नात पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेली. दोघींना भूक नव्हती, म्हणून मी एकटीने भाकरी खाल्ली. खाऊन झाल्यावर नातीला म्हणाले, "ऊठ. तो पिक्चर लाव."

"आजी, चेष्टा नको ना करू."

"चेष्टा कसली? ज्याच्यावरून तुझं लग्न ठरायला लागलंय, ते बघू तरी दे मला. टीव्हीवर लाव, मोठा दिसतो."

सुनेने कपाटातून मोबाइल काढून माझ्या हातात आपटला. "बघा आई, तुम्हीच बघा. डोळे धुवायला पाणी तापवून ठेवते."

मी चौथीपर्यंत शिकलेली. पिक्चर फार बघितलेले नाहीत आणि बघितले त्यात पोरगी नाही म्हणाली की पोरगा गाणं म्हणत तिच्यामागे जायचा, मग ती हो म्हणायची. हा तसा नव्हता. यात कारखान्याच्या गावातली एक कॉलेजातली पोरगी आहे. तिला वर्गातला पोरगा आवडतो. त्याला बघून केस नीट करते, फोन वाजला की धडपडते. तिची एक मैत्रीण आहे, तिला पोरं आवडतच नाहीत, पोरीच आवडतात. ती हे आईला सांगते आणि आई चपात्या लाटत राहते. मी म्हणाले, "हे आमच्या वेळी नव्हतं."

नात म्हणाली, "असणार आजी. सांगायची सोय नसेल."

आमच्या गल्लीत एक बाई जन्मभर लग्न न करता तिच्या मैत्रिणीच्या घरी राहिली होती. आम्ही तिला तऱ्हेवाईक म्हणायचो.

मग तो कालचा भाग आला. पोरगी म्हणाली थांब, आणि पोरगा थांबला. तोंड पडलं त्याचं. उठून खिडकीशी गेला, उगाच पडदा सरळ केला, मग म्हणाला, "चल, तुला स्टॉपपर्यंत सोडतो." बसमध्ये बसल्यावर रडली ती पोरगीच.

"आता हिला काय झालं?" मी म्हणाले. "आवडतो ना तिला? मग नको कशाला म्हणाली?"

"आवडतो म्हणजे लगेच सगळं चालतं असं थोडीच असतं? आवडणं वेगळं, हो म्हणणं वेगळं."

"आणि रडते कशाला?"

"भीती वाटते ना. आता तो बोलणार नाही म्हणून."

हे मला पटायला थोडा वेळ लागला. माझी सुपारी फुटली तेव्हा मी रानात ज्वारी काढत होते. घरी आले तर ओसरीत पाहुणे, चहा झालेला, सगळं ठरलेलं. आई म्हणाली, हातपाय धू आणि पाया पड. मी पडले. नवरा वाईट नव्हता. हात उचलला नाही, पगार घरी आणून दिला. पण मला कशासाठी विचारावं हे त्याच्या कधी डोक्यात आलं नाही आणि माझ्याही नाही. त्याने मला एकच गोष्ट विचारल्याचं आठवतं, चहात साखर घालू का म्हणून, तीही डॉक्टरांनी त्याची साखर बंद केल्यावर, हळूच. हे मी नातीला सांगितलं तेव्हा ती हसली. काल संध्याकाळपासून पहिल्यांदा.

सून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. कधीपासून ते माहीत नाही. हातात उलथनं तसंच.

"तो नंतर बोलला का तिच्याशी?" तिने विचारलं.

"पुढे बघ की," नात म्हणाली.

सून खाली बसली, माझ्या पायाशी. थोड्या वेळाने टीव्हीकडेच बघत म्हणाली, "आमच्या कंपनीच्या बसमध्ये एक होता. जागा ठरलेल्या असतात ना, त्याची माझ्यामागे. सीटच्या फटीतून हात घालायचा. मी पर्स मधे ठेवायचे. शेवटी शिफ्ट बदलून घेतली."

नातीने पिक्चर थांबवला. "मम्मी, तू त्याला काही बोलली नाहीस?"

"काय बोलायचं? बसमध्ये सगळे आपलेच लोक. लोक मलाच बोलले असते ना. मी तुझ्या पप्पांना सांगितलं, सेकंड शिफ्टचे पैसे जास्त मिळतात."

नात उठली आणि आईला मागून मिठी मारून बसली. सून म्हणाली, "सोड, उलथनं लागेल," पण सोडवून घेतलं नाही. मला असलं बघवत नाही, म्हणून मी भाजी करपतेय का ते बघायला गेले. करपलीच होती.

तेवढ्यात लातूरहून फोन आला. सुनेने तो स्पीकरवर घेतला. तिचा भाऊ घाईत होता. "रविवारी लोक यायलेत बघ. सहाजण. पोरीला साडी नेसव, ड्रेस नको."

सुनेने उलथनं खाली ठेवलं. तिकडून, "हॅलो, ऐकायलीस का?"

सुनेने लेकीकडे बघितलं. "यायचं का त्यांनी?"

मी त्या घरात तोवर अशी विचारणा कधी ऐकली नव्हती. पोरगीही गोंधळली. मग म्हणाली, "नाही. मला शिकायचंय."

"दादा," सून म्हणाली, "त्यांना येऊ नका म्हणावं."

"अगं, काल तूच म्हणालीस! शब्द दिलाय मी लोकांना. आणि पोरगी कोण ठरवणारी?"

"लग्न तिचं आहे. तिला विचारलं, ती नाही म्हणाली."

"विचारलं? कुणी सांगितलं विचारायला?"

"कुणी नाही. मीच विचारलं."

भाऊ पुष्कळ बोलला. माझ्याबद्दलही बोलला, म्हातारीने डोकं फिरवलं असेल म्हणाला. सून ऐकत राहिली, पण शब्द फिरवला नाही तिने. दिवाळीपर्यंत तो बहिणीशी बोलत नव्हता. वरच्या मजल्यावरची अजून नातीला बघून पदर सावरते. सून तिला स्वतःहून नमस्कार करते आणि लिफ्टमधून जाते.

नात आता पुण्याला कॉलेजात जाते. सकाळी बस पकडते, संध्याकाळी येते, आल्यावर मला दिवसभराचं सांगते. निम्मं कळतं, निम्मं मी विचारून घेते.

फोन आला त्या दिवशी माझा मुलगा कामावरून आला तोवर सगळं उरकलं होतं. त्या दुपारी घरात आम्ही तिघी होतो, मी, माझी सून आणि माझी नात.