काचेची चिलीम आणि तात्यांचा पहिला झुरका

माझ्या आधी आमच्या घरातून दहावीच्या वर्गात फक्त काका गेले होते, तेही वर्गावरचे पत्रे बसवायला.

नाना, म्हणजे माझे वडील, चोपडा तालुक्यात दुसऱ्यांच्या बागांतून केळीचे घड डोक्यावर वाहायचे. आई त्याच बागांत निंदणीला जायची. केळीचा चीक कपड्यावर पडला की काळा डाग पडतो आणि कपडा फाटेपर्यंत जात नाही. आमच्या घरात बिनडागाचा एकही कपडा नव्हता. मी शाळेत आणि मग कॉलेजातही तसल्याच ओढण्या घेऊन गेले. हा डाग जात का नाही ते एकदा बघतेच, या रागातून मी रसायनशास्त्र घेतलं. (डाग अजून गेलेला नाही. बीएस्सी मात्र झाले.)

माझे आजोबा, आबा, मातीच्या चिलमीतून तंबाखू ओढायचे. चिलीम महिन्याकाठी एकदा फुटायची आणि मग घरातल्या प्रत्येकाची उलटतपासणी व्हायची. माझ्या शेवटच्या वर्षाला, कॉलेजचं फुटकं काचसामान दुरुस्त करायला जळगावहून एक चाचा आले होते. सरांना विचारून मी एका मोडक्या कंडेन्सरची काचेची नळी त्यांना दिली आणि म्हटलं, "चाचा, याची चिलीम होईल?"

चाचांनी एकदा माझ्याकडे, एकदा सरांकडे पाहिलं आणि काच वितळवायचा दिवा पेटवला. अर्ध्या तासात चिलीम तयार. भट्टीची काच, तापली तरी तडकणार नाही.

"हाई काय शे?" आबांनी त्यांच्या अहिराणीत विचारलं.

"चिलीम आहे आबा. काचेची."

"फुटी जाई."

"नाही फुटत. प्रयोगशाळेतली काच आहे."

आबांनी पहिला झुरका घेतला, नळीच्या आत धूर वर चढताना पाहिला आणि जागेवरून उठले. ते थेट पारावर जाऊन बसले. "मझार धूर दिखस," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत होते, "मनी नातनी दिन्ही. बठ्ठा गावमा अशी चिलम कोनाकडेच नही." त्या दिवशी मला कळलं की माझ्या बीएस्सीचा खरा निकाल पारावर लागलाय.

आठ दिवस हा थाट टिकला. मग चिलमीला आतून कीट धरायला लागलं. तंबाखूचा तो काळा, चिकट थर मातीच्या चिलमीतही असतोच, पण माती तो पोटात ठेवते. आबा तर अभिमानानं त्याला 'मुरलेली चिलीम' म्हणायचे. काचेनं मात्र सगळं चव्हाट्यावर मांडलं. महिनाभरात ती चिलीम डांबर भरलेल्या नळीसारखी दिसायला लागली आणि नेमके तेव्हाच दामूतात्या आले.

दामूतात्या आबांचे थोरले चुलतभाऊ, राहायला एरंडोलला. आमच्या घरात बैल घेण्यापासून बारशाच्या नावापर्यंत शेवटचा शब्द त्यांचा. मिशी अशी की तात्या दारात वळायच्या आधी तिची टोकं घरात यायची. त्यांना बोलावलं होतं माझ्यासाठी. मला जळगावला राहून एमएस्सी करायची होती. नाना तयार होते, आई तयार होती, आबा म्हणाले होते, "तात्याले इचारू."

रीतीप्रमाणे पहिला झुरका पाहुण्याचा. आबांनी चिलीम पुढे केली. तात्यांनी ती उजेडात धरली. आबांना ते दाजी म्हणत.

"दाजी, हाई चिलम शे का मोरीना पाइप?"

आणि न ओढता परत दिली. आमच्याकडे पाहुण्यानं चिलीम परत करणं म्हणजे भरल्या ताटावरून उठणं. आबांचं तोंड एवढंसं झालं. मग तात्या माझ्याकडे वळले.

"तीन वरीस काय शिकनी तू? एक नळी साफ करता येत नही, आनि आखो दोन वरीस जळगावले जाई म्हणस. पुढला रविवारले मी येस. तवय बोलू."

ॲडमिशनची शेवटची तारीख त्या रविवारनंतरचा मंगळवार. म्हणजे सगळं त्या चिलमीवर येऊन ठेपलं.

सोमवारी मी ती साबणाच्या पाण्यात घासली. कीट तसंच राहिलं आणि आबांना दिवसभर तंबाखूला आंघोळीच्या साबणाचा वास आला. मंगळवारी काकू म्हणाली, "तुनं पुस्तक ऱ्हाऊ दे, मी करस," आणि तिनं तारेला नारळाची शेंडी बांधून आत सारली. तार बाहेर आली. शेंडी आतच राहिली. ती काढण्यात बुधवार गेला. गुरुवारी मी चिलीम उकळली. आमच्या घरात त्या मापाचं एकच पातेलं होतं, चहाचं. शुक्रवारी सकाळी नानांनी चहाचा पहिला घोट घेतला, कपात बघितलं आणि आईला विचारलं, "आज चहा का झुरका?"

आईनं मला बाजूला घेतलं. "हे बघ, तुनी डिग्री तुनाकडे ठेव. मना पातेलामा नको."

त्या शेंडीनं आणि पातेल्यानं मला जाग आणली. तीन वर्षं मी जे शिकले ते सोडून मी मोरीवरच्या बाईसारखी घासत बसले होते. तेलकट कीट पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळतं, हे पाठ असलेली बीएस्सी मीच ना? शनिवारी दवाखान्यातल्या नर्सताईंकडून जखमेला लावायचं स्पिरिट मागून आणलं. रविवारी सकाळी चिलमीत ते ओतलं, मूठभर खडेमीठ घातलं, केळीच्या खांबाचे दोन तुकडे कापून दोन्ही तोंडांना बुचं मारली आणि खुळखुळ्यासारखी हलवत बसले. मीठ घासतं, स्पिरिट सोडवतं. दहा मिनिटांत आतलं स्पिरिट कॉफीसारखं झालं. ओतलं, पुन्हा भरलं, पुन्हा हलवलं. तिसऱ्या खेपेला चिलमीतून पलीकडचं आंब्याचं झाड दिसलं, त्यावरच्या खारीसकट.

सगळं घर बघायला जमलं. काकूसुद्धा काही बोलली नाही. इतकी मोठी शाबासकी मला विद्यापीठानंही दिली नाही.

इथे थांबले असते तर ही आठवण इथेच संपली असती. पण मला अजून शिकवायचं होतं. "प्रयोगशाळेत," मी काकूला म्हटलं, "पाण्यानं धुतल्यावर शेवटचा हात स्पिरिटचा देतात. म्हणजे काच लवकर वाळते." आणि मी शेवटचा हात स्पिरिटचा दिला, चांगला सढळ. मग चिलीम ओट्यावर उन्हात ठेवून, शिकल्या-सवरल्या बाईच्या चालीनं हात धुवायला परसात गेले.

एरंडोलची एसटी आमच्या गावाला आजवर कधी वेळेवर आली नव्हती. त्या दिवशी पाऊण तास आधी आली.

मी परसातून आले तेव्हा तात्या बाजेवर बसले होते. त्यांच्या हातात भरलेली चिलीम. खाली ओलं फडकं गुंडाळलेलं, वर तंबाखू, आणि आबा काडी ओढत होते.

"आबा, थांबा, ती अजून वाळलेली नाहीये," मी म्हणाले. (घाबरले तरी माझी कॉलेजातली शुद्ध मराठी सुटत नाही.)

"पाहुनाना झुरका कोनी आडावतस का?" आबा म्हणाले आणि काडी टेकवली.

भप्प.

चिलमीतून वीतभर निळी ज्योत उठली, तात्यांच्या नाकासमोर क्षणभर थांबली आणि गेली. तात्या हलले नाहीत. चिलीमही हातातून सुटली नाही. फक्त घरभर केस जळाल्याचा वास सुटला. काकूनं पदर तोंडात कोंबला. नाना छताकडे बघायला लागले.

तात्यांनी उजवी मिशी चाचपली. होती. डावी चाचपली. मग गालही चाचपला, कुठे सरकली असेल म्हणून.

"पोर," ते म्हणाले, "इकडे ये. हाई कशामुये झायं?"

जळगाव गेलं, एमएस्सी गेली, आता खरं तरी बोलावं. "तात्या, चूक माझी. आत स्पिरिट राहिलं होतं. त्याची वाफ काडीला लगेच पेट घेते."

"तुले माहीत होतं?"

"हो."

"मंग सांगं का नही?"

"वाळेल म्हणून... आणि एसटी लवकर आली."

तात्यांनी चिलीम उजेडात धरली, मागच्या रविवारी धरली होती तशीच. फिरवून फिरवून पाहिली. काचेवर एक ठिपका नव्हता.

"दाजी," ते आबांना म्हणाले, "धुयेल मस्त शे. पन हाई पोर अर्धीच शिकेल शे. साफ करता येस, सुकाडता येत नही. अर्धं शिकेल मानूस घरमा ठेवनं धोकानं. मंगळवारले धाडा हिले जळगावले. पूरं शिकू द्या, नही ते मनी उजवी बाजू बी जाई."

मग त्यांनी नव्यानं तंबाखू भरायला सांगितली. काडी मात्र स्वतः लावली, हात लांब करून, मान मागे घेऊन.

मंगळवारी नाना माझ्याबरोबर जळगावला आले. फॉर्मवर पालक म्हणून त्यांनी अंगठा नाही, सही केली. रात्रभर गिरवून शिकले होते.

आता मी धुळ्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. आमच्या घराण्यातली पहिली बीएस्सी मी आणि पहिली एमएस्सीही मीच, तीही पहिल्या वर्गात. प्रात्यक्षिकाचे काही गुण तेवढे गेले. प्रयोगाची वेळ संपली तेव्हा मी अजून काच वाळवत होते.