बनियनच्या खिशातला फोन

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर बर्फ असतो. खराखुरा बर्फ, आणि तोही छपराखाली. डावीकडे पांढरा उतार, त्यावर घसरगाड्या ओढत चढणारी पोरंसोरं. वर तारेला लोंबकळत जाणाऱ्या खुर्च्या. उजवीकडे भलीमोठी काच आणि काचेपलीकडे मॉलमधली माणसं अर्ध्या बाह्यांचे शर्ट घालून आइस्क्रीम खात उभी. त्या मॉलच्याही बाहेर, जिथवर प्रेक्षकांची नजर पोचत नाही तिथे, दुबईचा जुलै महिना. सेहेचाळीस डिग्री. साल दोन हजार सहा, वार शनिवार, सकाळचे अकरा.

या नेपथ्यात सूर्यकांत सारंग प्रवेश करतो. वय पंचेचाळीस, अंगात तिथलंच भाड्याचं निळं जॅकेट, चालणं संथ. आत पाऊल टाकल्याबरोबर सगळे जण 'आई गं' करून हात चोळतात. सूर्यकांतने मात्र वळून आधी दाराकडे पाहिलं. दाराच्या कडेचं रबर बोटाने दाबून बघितलं आणि समाधानाने मान हलवली.

"चांगलं बसवलंय. हवा गळत नाही."

"बाबा, इट्स नॉट अ वेअरहाऊस, ओके?" वैभवी म्हणाली. तेरा वर्षांची लेक. सहाव्या वर्षी आईबरोबर देवगडहून शारजात आली, तेव्हापासून मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर द्यायची.

"उणे दोन असेल," सूर्यकांत म्हणाला. "ही काय थंडी आहे?"

"ते माहीत आहे आम्हाला," त्याची बायको प्रमिला म्हणाली. "तुम्ही उणे बावीसवाले. आता पुढे चला, मागे लोक खोळंबलेत."

उणे बावीस ही सूर्यकांतची नोकरी होती. अठ्ठ्याऐंशी साली तो जबल अलीतल्या एका कोल्ड स्टोअरवर हमाल म्हणून लागला. गोठवलेल्या मासळीचे आणि कोंबड्यांचे खोके कंटेनरमधून काढायचे आणि आत रचायचे. बाहेर अंगाची लाही, आत दाढीच्या केसांवर हिम. दिवसातून वीस वेळा या ऋतूतून त्या ऋतूत. हमालाचा चेकर, म्हणजे खोके मोजून घेणारा, झाला, चेकरचा सुपरवायझर झाला, पगार वाढला तेव्हा नव्व्याण्णव साली बायको-मुलीला आणलं. पण आतली शिस्त अंगात मुरली ती मुरलीच. त्या कोल्ड स्टोअरचा एक अलिखित नियम होता: आत असताना 'मला थंडी वाजते' म्हणायचं नाही. एकाने म्हटलं की सगळी शिफ्ट कुडकुडायला लागते. नव्या माणसाला जॅकेट देतानाच हे सांगत. सूर्यकांतने हा नियम घरीही पाळला. ताप आला तरी पाळला.

म्हणूनच प्रमिलाला नवल वाटत होतं. हा बर्फाचा डोंगर उघडून आठ महिने झाले होते. वैभवीने हट्ट धरला की हा म्हणायचा, "माणशी सत्तर दिरहम? म्हणजे जवळजवळ नऊशे रुपये. बर्फच बघायचाय ना, जबल अलीला चल, फुकट दाखवतो." आणि परवा अचानक म्हणाला, "शनिवारी रजा टाकलीय. जाऊ या." वर घरून हातमोज्यांचे तीन जोड धुऊन, घडी करून आणले. कोल्ड स्टोअरचेच, प्रत्येकावर नंबर छापलेला.

त्याने शनिवारच का निवडला, हे मात्र त्याने तिला सांगितलं नव्हतं.

दर तीन वर्षांनी व्हिसा नवा करताना मेडिकल व्हायची. रक्त आणि छातीचा फोटो. या खेपेला पंधरा दिवसांपूर्वी त्याला पुन्हा बोलावलं. डाव्या बाजूला सावली दिसतेय, दुसरा फोटो काढू या, म्हणाले. एवढंच. पण छातीत क्षयाचा डाग निघाला तर काय होतं, हे कामगारांच्या कॅम्पात राहिलेल्या प्रत्येकाने ऐकलेलं असतं. माणूस थेट विमानात. आणि माणसाच्या व्हिसावर त्याची बायको, तिच्याबरोबर लेक, तिची शाळा, शारजातली ती एका बेडरूमची जागा, सगळं एकाच खिळ्याला टांगलेलं. तो खिळा आता हलत होता. पंधरा दिवस सूर्यकांत हॉलमध्ये सोफ्यावर झोपला. का, तर म्हणे बेडरूममधल्या एसीचा आवाज होतो.

रिझल्ट शनिवारी होता. तो आणणार होता लियाकत, कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कचेऱ्यांतून कंपनीच्या फायली फिरवणारा माणूस. लियाकत मूळचा रत्नागिरीचा. मनाने फार हळवा. "भाऊ," तो म्हणाला होता, "मला तोंडाने वाईट सांगता येत नाही. चाळीस पासपोर्ट घेऊन रांगेत असतो, बोलायला सवडही नाही. मिस कॉल देतो. एक दिला तर फिट. दोन दिले तर ऑफिसला ये, मग बसून बोलू."

घरी छताकडे बघत त्या फोनची वाट बघणं सूर्यकांतला सोसणार नव्हतं. आणि दोन आलेच, तर निदान पोरीने बर्फ तरी पाहिलेला असावा.

मोबाइल त्याने बनियनच्या खिशात ठेवला होता, छातीला चिकटून. कोल्ड स्टोअरची माणसं तसाच ठेवतात. बाहेरच्या खिशात ठेवला तर थंडीने बॅटरी मरते. आवाज बंद, नुसती थरथर चालू.

वैभवीला घसरगाडीत बसवून तो दोरीने उतारावर ओढत होता. वर पोचला, तिला सोडलं, ती किंचाळत खाली गेली. आणि तेव्हाच छातीपाशी थरथरलं.

एक.

तो जागच्या जागी थांबला. थरथर दोन क्षण टिकली आणि विझली. सूर्यकांत श्वास रोखून उभा राहिला. आजूबाजूने पोरं धडपडत होती, कुणीतरी अरबीत यल्ला, यल्ला, म्हणजे चला, चला, ओरडत होतं. त्याने मनात वीसपर्यंत मोजलं. मग पन्नासपर्यंत. काही नाही. देवगडच्या दिशेने, म्हणजे आपली त्याला वाटली त्या दिशेने, त्याने हात जोडायला घेतले. मोजे घातलेले हात अजून जुळले नव्हते, तोच पुन्हा थरथरलं.

दोन.

त्याने दातांनी मोजा ओढला, तीन चेन उघडल्या आणि फोन काढला. थंडीने पडदा काळवंडत चालला होता. चष्मा लॉकरमध्ये राहिलेला. नावं दिसेनात. पण '२' हा आकडा मोठा होता, तो दिसला.

फोन त्याने पुन्हा बनियनमध्ये सरकवला, तिन्ही चेन नीट लावल्या. उतारावरून चालत खाली यायला त्याला बराच वेळ लागला.

प्रमिला खालच्या बाकावर बसली होती. तो शेजारी बसला. वैभवी पुन्हा रांगेत उभी होती. तिने लांबून हात केला, त्यानेही केला.

"तिला हवं तेवढं खेळू दे," तो म्हणाला. "आज घाई करायची नाही."

प्रमिलाने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "काय झालंय?"

"काही नाही."

"सोफ्यावर झोपणाऱ्या माणसाला काही नाही कसं होईल? एसी तर आवाजच करत नाही. मी ऐकत जागी असते."

मग त्याने सांगितलं. दुसरा फोटो, सावली, लियाकत, मिस कॉलची खूण. सगळं समोर बघत, खोक्यांची मोजणी सांगावी तसं. शेवटी म्हणाला, "आत्ता वर असताना आले. दोन. खलास."

प्रमिलाने जॅकेटच्या खिशातून आपला मोबाइल काढला आणि त्याच्यासमोर धरला.

"दुसरा मी दिला."

"काय?"

"तुम्ही वर उभे होता की गेलात कुठे, कळेना. सगळेच निळे जॅकेटवाले. एका फिलिपिनो माणसाला मी 'अहो' म्हणून दोनदा हाक मारली. तो बिचारा 'येस मॅडम' म्हणत आला. मग म्हटलं मिस कॉल द्यावा, म्हणजे हा बाबा खाली तरी बघेल."

सूर्यकांतने फोन काढून तिच्या हातात दिला. तिने तो दोन्ही तळव्यांत धरून फुंकर घालून ऊब दिली, तेव्हा पडदा शुद्धीवर आला. तिने वाचलं, "लियाकत मंदूब. अकरा चाळीस. आणि त्यानंतर मी. अकरा बेचाळीस."

"फोन लाव त्याला," सूर्यकांत म्हणाला. "पूर्ण लाव. बोलायचंय."

तिनेच लावला, आणि दोघांनी एकाच मोबाइलला कान लावले.

"अरे भाऊ, एक दिला ना?" लियाकतचा आवाज मागच्या गर्दीतून आला. "एक म्हणजे एक. फिट. डॉक्टर म्हणतो, बरगडी कधीतरी मोडून जुळलीय, तिची गाठ दिसत होती. भाऊ, बरगडी कधी मोडलीस तू?"

"चौऱ्याण्णवला," सूर्यकांत म्हणाला. "कोळंबीचे खोके पडले होते अंगावर."

"मग आधी सांगायचं नाही? माझी पंधरा दिवस भूक मेली होती. चल, नंबर आला माझा."

फोन बंद झाला. सूर्यकांतने डोळे पुसले. प्रमिलाने ते पाहिलं आणि काचेपलीकडच्या आइस्क्रीमवाल्यांकडे बघत राहिली. त्याला सावरायला वेळ हवा, हे तिला कळत होतं. मग तिने पुढचा प्रश्न टाकला.

"चौऱ्याण्णवला बरगडी मोडली, आणि त्या वर्षी पत्रात काय लिहिलं होतंत मला?"

"काय?"

"'इकडे सर्व क्षेम.' माझ्याकडे आहे ते पत्र. आणि आता हे पंधरा दिवस. मी कोण आहे हो? चेकर? की बाहेरून माल उतरवायला आलेली?"

"चुकलं."

"परत एकदा."

"चुकलं, प्रमिला."

"हं," ती म्हणाली, आणि त्याच्या जॅकेटची वरची चेन गळ्यापर्यंत ओढून दिली.

तेवढ्यात वैभवी आली, नाक लाल, गाडीची दोरी हातात. "बाबा, यू हॅव नॉट डन इट इव्हन वन्स. नुसतं ओढताय काय?"

खरंच होतं. अठरा वर्षं हा माणूस बर्फात उभा होता, पण बर्फावरून घसरला कधीच नव्हता. तो उठला. वर गेला, पुढे लेकीला बसवलं, मागे आपण बसला, आणि ढकलणाऱ्या माणसाला म्हणाला, "यल्ला." खाली येईपर्यंत त्याने जो आवाज काढला तो काचेपलीकडे पोचला असावा, कारण दोघं-तिघं आइस्क्रीम खायचे थांबले. गाडी उलटली. उठून तो पुन्हा रांगेत उभा राहिला. एकंदर सहा वेळा गेला. प्रमिलाही एकदा गेली आणि खाली आल्यावर तिने जाहीर केलं की हे एकदाच पुरे, पण तिकीट वसूल झालं.

दुपारी तीनला ते गाडीत येऊन बसले. स्टिअरिंगला हात लावता येत नव्हता. प्रमिलाने हात लांब करून एसी पूर्ण सोडला. मागच्या सीटवर वैभवी, कोल्ड स्टोअरचे मोजे तसेच हातात घालून, बसल्या बसल्या झोपली.

शारजाच्या रस्त्याला गर्दी होती. एका सिग्नलला प्रमिलाने पाहिलं तर सूर्यकांतच्या दाढी न केलेल्या गालावर काटा उभा होता, आणि तो सावकाश हसत होता. नेहमीप्रमाणे काही बोलणार नाही, असं तिला वाटलं. सिग्नल हिरवा झाला. मागच्या टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला.

"प्रमिला," तो म्हणाला, "एसी जरा कमी कर गं. थंडी वाजतेय मला."