कोंबड्याचा वंश

आमच्या पुंडलिकनगरातल्या घराचं बाथरूम मागच्या अंगणात आहे, आणि अंगण कोंबड्याचं. कागदोपत्री ते सासऱ्यांचं असेल, पण ताबा कोंबड्याचा होता. एका हातात बादली आणि दुसऱ्या हातात खराटा घेतल्याशिवाय मी कधी मागे गेले नाही. आत सुखरूप पोचले तरी बाहेर पडायची पंचाईत. कडी जरा सरकवली की पत्र्याच्या दारावर धडक बसायची. मग मी आतून हाका मारायच्या आणि सासऱ्यांचं हसणं ऐकत बसायचं. त्याच्या पायामागच्या काट्यांचे वण माझ्या पोटऱ्यांवर अजून आहेत.

सासऱ्यांनी तो वैजापूरकडच्या आपल्या गावाहून डालग्यात घालून आणला होता. निवृत्त झाल्यापासून त्यांना तेवढाच उद्योग. सकाळचा चहा झाला की अंगणात खुर्ची टाकायची, पायातली चप्पल काढायची आणि त्याच्यापुढे नाचवायची. "ये. ये की." तो पिसं फुलवून चपलेवर तुटून पडला की स्वारी खूश. "ह्याचा बाप बी असाच हुता. लई खुनशी. रक्तातच असतंय ते," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

हे वाक्य आमच्याकडे कोंबड्यापुरतं नव्हतं. सासरे चिडले की ताट भिंतीवर जायचं. नवरा चिडला की टीव्हीचा रिमोट, चार्जर, हाताला लागेल ते. राग उतरला की दोघंही साखरेसारखे गोड. सासूबाई काही फेकत नसत, पण त्यांचा आवाज असा की आमच्या नळाला पाणी आलं हे आधी गल्लीला कळायचं. एकदा वरण गरम लागलं म्हणून पहिलीतल्या माझ्या मुलीने वाटी भिरकावली. ती माझ्या कपाळाला लागली. "आमचंच रक्त," सासरे कौतुकाने म्हणाले, आणि नवराही हसला. मी कपाळ दाबून धरलं होतं. मला त्या दोघांचा संताप आला, पण त्याहून जास्त भीती वाटली. हे खरंच रक्तात असेल तर माझी मुलगी हातची गेली, एवढंच डोक्यात फिरत राहिलं.

कोंबड्यांच्या लशीचं विचारायला जनावरांच्या दवाखान्यात गेले होते, तेव्हा डॉक्टरांना धीर करून विचारलं, कोंबड्याचा तापटपणा पिल्लांत उतरतो का. ते म्हणाले, थोडा उतरतो, थोडा वाढवण्यावर असतो. थोडा म्हणजे किती, असं मी विचारलं. "ते कसं सांगणार ताई," म्हणून ते पुढच्या शेळीकडे वळले. मी लस न विचारताच घरी आले.

थंडी सरता सरता आमची तांबडी कोंबडी खुडूक झाली, अंडी उबवायला बसू लागली. सासऱ्यांनी जाहीर केलं की म्हातारा कोंबडा येत्या आखाडात कापायचा, पण त्याआधी त्याच्या वंशाचा एक तरी तयार करायचा. म्हणजे माझ्या पोटऱ्यांची पुढची काही वर्षंही ठरून गेली. सासूबाईंनी बसवायची अंडी कोंड्याच्या डब्यात बाजूला काढून ठेवली. मागच्या गल्लीत एक मावशी राहतात. त्यांचा कोंबडा इतका गरीब, की नातवंडांनी त्याच्या गळ्यात रिबीन बांधली तरी तो हूं का चूं करत नाही. आमची कोंबडी खुडूक आहे, अंडी देता का, एवढंच मी त्यांना म्हटलं. उबवायला एकमेकींकडून अंडी नेणं गल्लीत चालतंच, त्यांनी पदराआडून आणून दिली. दुपारी सगळे झोपल्यावर मी डब्यातली अंडी बदलली. आमची कुठे लपवणार? भुर्जी केली. सासऱ्यांनी आपल्या कोंबड्याचा वंश भाकरीबरोबर खाल्ला आणि वर आणखी वाढ म्हणाले.

मला वाटलं, काय हुशारी केली मी. पिल्लं बाहेर आली तेव्हा कळलं की मी स्वतःलाच कोंडून घेतलंय. नवा कोंबडा शांत निघाला तर माझे पाय वाचणार होते, पण मग रक्ताचं बोलणं खरं ठरणार आणि मुलीची आशा सोडायची. तापट निघाला तर मुलीसाठी वाट मोकळी, आणि माझ्या हातात पुन्हा खराटा. संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना नेमकं काय मागावं तेच सुचत नसे.

पिल्लांत नर एकच टिकला, पांढऱ्यावर तांबूस ठिपक्यांचा. त्याला धड पिसं फुटली नाहीत तोच सासऱ्यांनी चप्पल दाखवायला सुरुवात केली. आधी तो आईच्या पंखाखाली पळायचा. मग लांब थांबून बघायला लागला. मग एक दिवस चोच मारली, तर त्याला मूठभर ज्वारी मिळाली. माझी मुलगी आजोबांच्या शेजारी बसून स्वतःची छोटी चप्पल नाचवायची. आखाडात म्हातारा कोंबडा रश्श्यात पडला. मी दोनदा वाढून घेतलं, आणि पुढे काही दिवस मोकळ्या हातांनी अंगणात हिंडले.

एका सकाळी नळाला पाणी आलं. आमच्याकडे ते आठवड्यातून कधीतरी येतं, आणि आलं की हातातलं टाकून मागे पळावं लागतं. टाकीत पाइप सोडायला मी वाकले, तशी मागून पोटरीवर झडप बसली. वळून बघते तर मावशींच्या गरीब कोंबड्याचा मुलगा, मान फुगवून, पुन्हा यायच्या तयारीत. मी बाथरूममध्ये घुसून कडी लावली. तो बाहेरून पत्रा ठोकत होता, पाणी अंगणभर वाहत होतं आणि मी आत उकिडवी बसून हसत होते. हसता हसता रडू आलं. "बापावर गेलंय बेणं," सासरे बाहेर सगळ्यांना सांगत होते. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

तो आनंद दुपारपर्यंतही टिकला नाही. रक्तात नाही, तर मग कशात? ज्याला चपलेने शिकवलं तो शिकला, आणि माझी मुलगी रोज त्याच खुर्चीशेजारी बसत होती. रक्तात असतं तर निदान मला काही करायचं नव्हतं, नशिबाला बोल लावून गप्प बसता आलं असतं. वेगळं राहायचं नाव काढलं की नवऱ्याचा हात रिमोटकडे जातो. पुढे जाऊ म्हटलं तर हे असं, मागे जाऊ म्हटलं तर अंगणात कोंबडा.

शेवटी न राहवून मी सासूबाईंनाच सांगितलं. त्या स्वयंपाकघरात मेथी निवडत बसल्या होत्या.

"आत्याबाई, हा कोंबडा त्याचा नाही. अंडी मी बदलली होती."

"ठावं हाय मला. आपली अंडी गुलाबट असत्यात. डब्यात पांढरी हुती."

"मग मामांना बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? मला बी बघायचं हुतं."

त्यांनी एक जुडी संपवली, दुसरी सोडली.

"लगीन हून आले तवा वरीसभर माझा आवाज कुणी ऐकला नव्हता," त्या म्हणाल्या. "शेजारणीला वाटायचं, सून मुकी हाय का काय. मी कुठं ह्यांच्या रक्ताची हाय?"

मी म्हटलं, "म्हणून तर पोरीला घेऊन वेगळं राहावं म्हणते. माझ्याजवळ राहिली तर शांत होईल ती."

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून मुलीने हाक मारली. मग पुन्हा मारली, आणि मग किंचाळलीच, "आई, ये ना!"

"येते ना, किती बोंबलशील!" मी ओरडले. समोरचं पातेलं मी ओट्यावर आपटलं होतं. बाहेर एकदम शांत झालं, आणि माझाच आवाज पहिल्यांदा माझ्या कानावर पडला.

सासूबाईंनी मेथीवरून मान वर केली नाही.

"व्हय," त्या म्हणाल्या. "ह्योच आवाज."