कोरे सरांचा राहून गेलेला ज्वालामुखी

बसवराज कोरे सरांची आणि माझी पहिली भेट कळंबच्या शिक्षक प्रशिक्षणात झाली. मी तेव्हा अणदूरच्या शाळेत भूगोल शिकवायला नुकतीच लागले होते. जेवणानंतरचा तास, त्यामुळे निम्मा वर्ग पेंगत होता. सरांनी पिशवीतून काळ्या रानातलं ढेकूळ काढून टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "ह्याचा बाप कोण?" मग स्वतःच सांगितलं, "ज्वालामुखी! थंड झालेल्या लाव्हावर आपण ज्वारी पेरतो, अन् पोरान्ला सांगतो की ज्वालामुखी लई लांब, परदेशात असतो!" माझी झोप उडाली, ती आजतागायत.

सर असे पायात चपला घालून, वर्गाबाहेर नेऊन शिकवणारे. येडशीच्या घाटात खडकाचे थर दाखवायला त्यांनी आम्हाला भर उन्हात उभं केलं आहे. त्या दिवशी आमच्यातल्या शेख मॅडमना चक्कर आली, तेव्हा स्वतःची पाण्याची बाटली त्यांना देऊन सर कोरड्या घशानं बोलत राहिले. माझे वडील दवाखान्यात होते तेव्हा निवृत्त झालेले सर कळंबहून एसटीनं अणदूरला येऊन माझे दहावीचे तास घेत. मी आभार मानू लागले तर म्हणाले, "आभार राहू द्या मॅडम, तुमची पोरं नकाशात लई कच्ची हायत."

एक गोष्ट मात्र सरांना सलत होती. जन्मभर ज्वालामुखी शिकवला, पण जिवंत ज्वालामुखी डोळ्यांनी पाहिला नव्हता. म्हणून सत्तरी ओलांडल्यावर, गुडघे कुरकुरत असताना, त्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्हा भूगोल शिक्षकांची इंडोनेशियातल्या जावा बेटाची अभ्यास सहल ठरवली. पासपोर्ट काढण्यापासून शेंगाचटणी बांधून घेण्यापर्यंत सगळं त्यांनी जातीनं पाहिलं.

ज्वालामुखीच्या गावी पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. आमचा वाटाड्या प्रवेशाचे पास काढायला पुढं गेला होता. जीपचा तळ गावाच्या उत्तरेला आहे, एवढं तो सांगून गेला होता. कुणीतरी म्हणालं, रस्ता विचारू या. सर हसले. "आपण भूगोलवाले! सूर्य पाठीशी घ्या, म्हणजे तोंड उत्तरेला." आमच्याकडे वर्षातले बहुतेक महिने भरदुपारी हा हिशेब बरोबर येतो. आम्ही सगळे पदवीधर सूर्य पाठीशी घेऊन कोबीच्या मळ्यांतून झपाझप निघालो. बरंच चालल्यावर शेख मॅडम थबकल्या. "सर, आपण दक्षिण गोलार्धात हाव न्हवं?"

तिथं त्या दिवसांत दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो. हे आम्ही प्रत्येकानं दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं, आणि एकालाही आठवलं नव्हतं! सरांनी आपल्या सावलीकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. "व्हय. चूक माझी," एवढंच ते म्हणाले.

उलटं चालत, जीप पकडून पायथ्याशी पोहोचलो, तोवर वरची वाट बंद व्हायची वेळ जवळ आली होती. जलद चढेल त्यालाच विवर दिसणार होतं. फुकटच्या पायपिटीनं सरांचे गुडघे सुजले होते. मी थांबते म्हणाले. सर ओरडलेच, "तुमाला अजून वर्गात उभं राहायचंय. जावा वर!"

आम्ही गेलो. विवरातून धूर येत होता आणि पायाखाली घरघर चालली होती. एवढं भव्य दृश्य समोर असताना मला सारखे खाली बाकावर बसलेले सरच दिसत होते. मला रडू आलं, ते गंधकाच्या धुरावर ढकलून दिलं. खाली आल्यावर सरांनी विचारलं, "आवाज कसा हाय?" मी म्हणाले, "सर, शेजारच्या घरात जातं फिरतंय असा." त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "पुन्हा सांगा."

दुसरा कुणी असता तर ही फजिती झाकून ठेवली असती. सरांनी परत आल्यावर कळंबच्या भरल्या सभागृहात ती आपणहून सांगितली, सावलीच्या आकृतीसकट. आता जिल्ह्यातल्या कितीतरी वर्गांत दक्षिण गोलार्ध 'कोरे सर वाट चुकले' इथून सुरू होतो. पोरं खदखदून हसतात आणि कधी विसरत नाहीत. चूक कबूल करणाऱ्या शिक्षकाचा दरारा कमी होत नाही, हे मी सरांकडं पाहून शिकले.

सर पंचाहत्तर वर्षांचे झाले. गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे आणि ते रोज सकाळी फिरायलाही जातात. पंचाहत्तरीच्या या सोहळ्यात शाल नको, असं त्यांनी बजावलं आहे. म्हणून आम्ही शिष्यांनी परस्पर जावाची तिकिटं काढली आहेत. ही बातमी त्यांना हा लेख वाचूनच कळेल. त्यांना उदंड आयुष्य लाभो, प्रकृती ठणठणीत राहो आणि नवे गुडघे विवराच्या काठापर्यंत साथ देवोत, हीच प्रार्थना.

सर, या खेपेला रस्ता आम्ही विचारू. वर पोहोचल्यावर आवाज कसा आहे, ते तुम्ही आम्हाला सांगा.