निधनाची बातमी नेणारा

तिसऱ्या सेमिस्टरला मी मध्ययुगातल्या एका ख्रिस्ती, बेनेडिक्टाइन पंथाच्या मठावर पेपर लिहीत होतो. विषय मी निवडला नव्हता. यादीत तोच उरला होता. अबूधाबीच्या हॉस्टेलमध्ये एसीखाली बसून युरोपातल्या थंड दगडी मठाबद्दल लिहायचा मला अधिकार आहे का, अशी शंका यायची. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच.

पण एक प्रथा मनात राहिली. मठातला संन्यासी वारला की त्याचं नाव चर्मपत्रावर लिहायचे आणि एक माणूस ती गुंडाळी घेऊन इतर मठांत चालत जायचा. प्रत्येक मठ खाली दोन ओळी लिहायचा: बातमी पोचली, प्रार्थना करतो. जागा संपली की पुढे नवा तुकडा शिवायचे. त्यातल्या काही गुंडाळ्या अजून जपलेल्या आहेत. बातमी नेणाऱ्यावर मी एक परिच्छेद लिहिला. तो मला आवडला होता.

त्याच आठवड्यात मुसफ्फाच्या कामगार वस्तीत अब्बांच्या खोलीतले चाचा गेले. अब्बा वेल्डर, चाचा फिटर. अकरा वर्षं शेजारशेजारच्या खाटा. चाचा दुपारी वर्कशॉपमध्ये कोसळले ते उठलेच नाहीत. मी पोचलो तेव्हा अब्बांनी फोन पुढे केला.

"त्याच्या घरी तू सांग."

"मी? काय सांगू, अब्बा?"

"मग कॉलेजात कशाला घातला तुला?"

खोलीतला एक जण म्हणाला, "एकदम मत बोल. आधी सिरियस आहे म्हण. बाकी ते समजतात."

आमच्याकडे असंच सांगतात, आणि घरचे खरंच समजतात.

रायगडात चाचींनी फोन उचलला. मी म्हणालो, "चाचा हॉस्पिटलात आहेत. सिरियस आहे."

"जीव आहे ना, बाळा? तू शिकलेला आहेस, खरं सांग."

असं थेट विचारलं तर काय म्हणायचं, हे कुणी मला शिकवलं नव्हतं. मी "हो" म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मी खोलीवरच असताना, त्यांचाच फोन आला. आवाज कालपेक्षा मोकळा वाटत होता. "फोन जरा त्यांच्या कानाला लाव. पोरीला बोलायचंय."

अब्बा खाटेच्या कडेवर बसले होते. त्यांनी मान खाली घातली.

"चाची, चाचा काल दुपारीच गेले. मी खोटं बोललो."



"मग कालपासून मी कुणाच्या जिवासाठी दुआ मागतेय?" त्यांनी विचारलं.

अब्बांनी फोनसाठी हात पुढे केला. मी दिला नाही. त्या बोलत राहिल्या, मला जे सुनवायचं होतं ते सुनावत राहिल्या, आणि मी ऐकत राहिलो.