मांजरीची सोय

भावाने फोनवरच सांगून टाकलं होतं. "ताई, मांजराचं टेन्शन घेऊ नकोस. आमच्या इथे बोनकोड्यात एक कॅट कॅफे आहे. ज्यांना सांभाळणं जमत नाही त्यांची मांजरं कायमची ठेवून घेतात. तुझ्या मांजराची सोय लावून टाकू."

माझी सोय त्याने आधीच लावली होती. साताऱ्यातला माझा दोन खोल्यांचा फ्लॅट भाड्याने द्यायचा आणि मी कोपरखैरण्याला त्याच्याकडे राहायला यायचं. कारखान्याच्या स्टोअरमधली माझी नोकरी उन्हाळ्यात संपली होती, त्याच्या थोडं आधी बाथरूममध्ये घसरून मनगट मोडलं होतं. पन्नाशी उलटलेली, एकटी, त्यात हात मोडलेला. आमच्या घरात एखाद्या बाईबद्दल निर्णय घ्यायला एवढं पुरतं. भाऊ मायेने बोलत होता हे कळत होतं, म्हणून नाही म्हणणं अवघड होतं. माझ्याकडे कारण एकच होतं, मांजर. त्याच्या सोसायटीत ती चालणार नव्हती, आणि भावजयीने नवा सोफा घेतला होता.

म्हणून त्यांच्याकडे आठवडाभरासाठी आले तेव्हा दुसऱ्याच दिवशी मी एकटी तो कॅफे बघायला गेले. स्टोअरमध्ये असताना नव्या पुरवठादाराचं गोदाम बघायला जायचे, तशीच प्रश्नांची यादी करून. खरं सांगायचं तर जागा नापास करायलाच गेले होते. घाण दिसावी, एखादं मांजर खंगलेलं दिसावं, की माझी सुटका.

बोनकोडे गावातल्या अरुंद गल्लीत, एका तीन मजली घराच्या तळमजल्यावर कॅफे होता. दारं दोन. पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडत नव्हतं, म्हणजे मांजर रस्त्यावर पळायला नको. चपला बाहेर, हात साबणाने धुवायचे, मग आत. चालवणारी तिशीची मुलगी एका बोक्याच्या तोंडात ड्रॉपरने औषध सोडत होती. तिने मानेनेच बसायला सांगितलं.

मी यादी काढली. फरशी कशाने पुसता, फिनेलने?

"छे, फिनेल मांजरांना विषारी असतं," ती म्हणाली. हा प्रश्न मी मुद्दाम टाकला होता. वाया गेला.

पाण्याची भांडी जेवणापासून लांब होती. शी-शूसाठीचे मातीचे ट्रे स्वच्छ होते. कॉलेजातल्या एका जोडप्याने झोपलेल्या पिल्लाला उचलायला हात घातला, तर कॅफेवाली तिथूनच ओरडली, "झोपलेल्याला हात नाही लावायचा! तुम्हाला कोणी असं उचललं तर चालेल?" मुलगा म्हणाला, "हिने उचललं तर चालेल," आणि मुलीने त्याला कोपर मारलं. कॉफी पातळ होती. ते मी लिहून घेतलं, पण कॉफीवरून जागा नापास करता येत नाही.

शेवटी विचारलं, "आणायची झाली तर काय काय आणायचं?"

"लसीचे कागद, तिचं नेहमीचं भांडं, आणि तुमचा अंगातला एखादा कपडा. न धुतलेला."

"न धुतलेला?" मी घाम आलेला रुमालही रात्रभर तसा ठेवत नाही.

"धुतला की तुमचा वास जातो. तो हवा असतो त्यांना."

तिने बाजूच्या खोलीचं दार हळूच ढकललं. बाकाखाली एका पुरुषी चौकड्याच्या शर्टावर करडी मांजर बसली होती. अंगाने भरलेली, डोळे स्वच्छ. आम्हाला बघून उठली, नीट निरखलं, आणि परत शर्टावर बसली.

"बेल वाजली की उठते. खाते व्यवस्थित. फक्त बाहेर येत नाही. पावसाळ्यात शर्टाला वास मारायला लागला, तरी आम्ही धुतला नाही."

"ज्यांची आहे ते येतात भेटायला?"

"काका फोन करतात. मुलाकडे राहायला गेले, तिथे मांजर चालत नाही. मी विचारते, कसे आहात? तर म्हणतात, सोय चांगली आहे."

तेवढ्यात बाहेरून आरडाओरडा आला. वरच्या मजल्यावर राहणारी घरमालकीण आजी दारात उभी होती, हातात रिकामं सूप.

"माजं सुकट खाल्लं गो तुज्या मांजरांनी!"

"आजी, आमची मांजरं बाहेर जातच नाहीत. दोन दारं आहेत. कावळे असतील."

"कावल्यांना मी वलखते. मला नको शिकवू." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "नि ही कोन?"

"साताऱ्याच्या आहेत. त्यांची मांजर इथे ठेवायची म्हणतायत."

"का? चावते?"

"नाही," मी म्हटलं.

"मंग आजारी हाय?"

"नाही."

"मंग काय केलाय तिनं?"

आजी कावळ्यांना शिव्या देत वर निघून गेली. मी कॉफी संपवली. जागेत खोट नव्हती, म्हणजे मांजरीच्या आड लपायची सोय गेली. नाही म्हणायचं तर आता ते माझ्या स्वतःच्या नावाने म्हणायला हवं होतं. यापूर्वी तसं कधी म्हटलं नव्हतं. मुंज, लग्न, वडिलांचं आजारपण, सगळ्यांच्या याद्या मी केल्या. माझं काय हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

"जागा उत्तम आहे तुमची," मी त्या मुलीला म्हटलं. "मी आणणार नाही."

"बरं झालं," ती म्हणाली आणि ड्रॉपर धुवायला गेली.

संध्याकाळी जेवताना भावाने विचारलं, "मग? कसं वाटलं?"

"उत्तम. काही नाव ठेवायला जागा नाही."

"बघ! सांगत होतो ना? झालं मग."

"झालं. मी इथे राहायला येत नाहीये."

भावजयीचा हात पोळीवरच थांबला. "अहो ताई, एका मांजरासाठी? लोक म्हणतील, भावापेक्षा मांजर मोठं झालं."

"मांजरीसाठी नाही. तिची सोय झाली असती. मला यायचं नाही. माझं घर मला आवडतं."

भाऊ म्हणाला, "आणि परत पडलीस तर?"

"तर परत उठेन. मागच्या वेळी कोण उठवायला आलं होतं? मीच उठले, मीच रिक्षा बोलावली, आणि तुला फोन केला तो प्लॅस्टर घातल्यावर."

"हेच तर म्हणतोय मी! एकटी होतीस!"

"होते. आणि जमलं."

"हट्टी आहेस तू ताई."

"आहे."

तो घुश्शातच म्हणाला, "निदान बाथरूममध्ये धरायला दांडा तरी बसवून घे."

"बसवलाय कधीच."

रागारागाने त्याने आमटीचं पातेलं ओढलं आणि मला न विचारता माझ्या वाटीत पळीभर वाढली. मी आणखी एक पोळी मागून घेतली.